कानांची किंमत

मी पहिल्यांदा बिझनेस क्लासने विमानप्रवास केला तेव्हा माझे वय 53 वर्षांचे होते. तिकिटाचे पैसे अर्थातच माझे नव्हते. ते भिवंडीतील ज्या यंत्रमाग कारखान्याची देखभाल मी पाहतो त्याच्या मालकांचे होते. त्या एका तिकिटाला माझे चार महिन्यांचे वेतन पुरले नसते. पण त्या प्रवासाची खरी किंमत निराळीच होती, आणि ती मला आकाशात समजली. तिची हकिकत सांगावी की सांगू नये, या विचारात काही काळ गेला. सांगितली तर कदाचित एखाद्याच्या उपयोगी पडेल, म्हणून लिहीत आहे.

जून 2023 मध्ये इटलीतील मिलान येथे ‘इटमा’ हे वस्त्रयंत्रांचे जागतिक प्रदर्शन भरले होते. 1951 साली फ्रान्समध्ये सुरू झालेले हे प्रदर्शन दर चार वर्षांनी युरोपातील एखाद्या शहरात भरते, आणि वारकऱ्याने पंढरीकडे पाहावे तशी आमच्या धंद्यातील माणसे त्याच्याकडे पाहतात. आमच्या शेठना जुने 72 माग काढून त्यांच्या जागी शटललेस, म्हणजे बिनधोट्याचे, 24 माग बसवायचे होते. ते स्वतःच जाणार होते, परंतु हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी त्यांना प्रवास मना केला. मग त्यांनी मला बोलावून घेतले.

“मास्तर,” ते म्हणाले, “मी जसा जाणार होतो तसेच तुम्ही जा. नऊ तास खुर्चीत आखडून बसलात तर दुसऱ्या दिवशी तुमचा कान चालायचा नाही. आणि मला तिथे तुमचा कानच पाठवायचा आहे.”

या वाक्याचा अर्थ भिवंडीबाहेरच्या वाचकांना थोडा उलगडून सांगितला पाहिजे. साध्या यंत्रमागात लाकडी धोटा एका बाजूने दुसऱ्या बाजूला फेकला जातो. हा फटका मिनिटाला शंभरापासून दीडशे वेळा बसतो. शेडमध्ये असे वीस-पंचवीस माग एकाच वेळी चालू असले म्हणजे नवख्या माणसाला केवळ गदारोळ ऐकू येतो. अनुभवी जॉबरला मात्र त्या गदारोळातून प्रत्येक माग वेगळा ऐकू येतो. पिकर झिजला की फटका बोदा येतो. धोट्याची पेटी सैल झाली की एका ठोक्याचे दोन होतात. बेअरिंग कोरडे पडू लागले की ते बारीक शीळ घालते. ही शीळ वेळीच ऐकली तर दोन थेंब तेलावर काम भागते, न ऐकली तर दुसऱ्या दिवशी माग उघडावा लागतो. मला हे वडिलांनी शिकवले. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधून मी वस्त्रनिर्मितीची पदविका घेतली खरी, परंतु स्क्रू-ड्रायव्हरचे टोक मागाच्या सांगाड्यावर टेकवून त्याची मूठ कानाशी धरावी, हे कोणत्याही पुस्तकात नव्हते. ते बाबांकडून आले.

‘मास्तरांचा कान’ ही आमच्या गल्लीत एक म्हणच झाली होती. शेठना ठाऊक नव्हते ते इतकेच, की तो कान आता पूर्वीचा राहिला नव्हता.

आदल्या वर्षी ठाण्यातील एका डॉक्टरांनी माझी श्रवणचाचणी केली होती. कागदावर काढलेली ती रेघ 4000 हर्ट्झच्या आसपास खाली कोसळून पुन्हा थोडी वर आली होती. ते म्हणाले, “हा खड्डा आवाजाने पडतो. कानाच्या आतल्या बारीक केसांसारख्या पेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जाड आवाज अजून नीट ऐकू येतील, बारीक आवाज आधी जातील.” बारीक आवाज म्हणजे स, श, फ ही अक्षरे, पाखरांची किलबिल, आणि कोरड्या बेअरिंगची शीळ. तो कागद मी कपाटात विम्याच्या पावत्यांखाली ठेवला. हिला सांगितले की सर्व ठीक आहे. ज्या अवयवावर माझी भाकरी अवलंबून होती त्याचे दिवाळे वाजले आहे, हे सांगण्याचे धैर्य माझ्यात नव्हते.

विमान मध्यरात्रीनंतरचे होते. मुंबईहून थेट ज्यूरिक, आणि तेथून आगगाडीने मिलान असा बेत होता. संध्याकाळी आम्ही निघालो. अंजूरफाटा, राहनाळ, पूर्णा, काल्हेर असे एकेक गाव मागे पडू लागले. कधीकाळी भाताची खाचरे असलेल्या या पट्ट्यात आता सारी गोदामेच आहेत. कशेळीच्या पुलावरून खाडी ओलांडली तेव्हा गाडीच्या काचा खाली होत्या. आमचा चालक काहीतरी म्हणाला. मी “हो” म्हटले. त्याने आरशातून माझ्याकडे चमकून पाहिले. त्याने बहुधा मला प्रश्न विचारला होता, आणि ‘हो’ हे त्याचे उत्तर नव्हते.

हा ‘हो’ अलीकडे माझ्या तोंडी फारच बसला होता.

विमानात पाऊल टाकले तेव्हा एका सेविकेने मला उजवीकडच्या गर्दीत न पाठवता डावीकडे वळवले. तेथे खुर्ची नव्हती, एक छोटी खोलीच म्हणावी अशी जागा होती. बाजूला दिवा, पाय ठेवण्यास कोनाडा, आणि बटण दाबताच खुर्चीचा पलंग होई. 2000 साली ब्रिटिश एअरवेजने बिझनेस क्लासमध्ये असा पूर्ण आडवा होणारा पलंग आणला, आणि पुढे इतर कंपन्यांनीही तो स्वीकारला. मी तो दोन-तीनदा खाली-वर करून पाहिला. शेजारचे गृहस्थ हसले. मीही हसलो.

मला आठवली ती बाबांची खोली. लग्नापूर्वी बाबा मुरबाडकडून भिवंडीत आले तेव्हा ते दहा बाय बाराच्या खोलीत राहत. तिच्यात बारा माणसे होती, सहा दिवसपाळीची आणि सहा रातपाळीची. जेवण भिशीत. सकाळी रातपाळीवाला येई तेव्हा दिवसपाळीवाला उठून पथारी त्याच्या स्वाधीन करी. “आमची पथारी कधी गार पडली नाही,” असे बाबा गमतीने सांगत. मुंबईतील गिरणी कामगारांचा संप 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झाला, आणि गिरण्यांचे काम भिवंडीकडे लोटले. त्या दिवसांत बाबा कधी कधी लागोपाठ दोन पाळ्या करीत. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. त्यांचा डबा घेऊन शेडमध्ये जात असे. तेथे कोणी बोलत नसे. सर्व व्यवहार ओठांच्या हालचालींनी आणि हातांच्या खुणांनी चाले. तो मला एक मजेदार खेळ वाटे.

सेविका जवळ आली, वाकली आणि हळू आवाजात काहीतरी बोलली. मी म्हणालो, “येस.” तिने पुन्हा विचारले. मी पुन्हा “येस” म्हणालो. तिला वाटले, या माणसाला इंग्रजी येत नसावे. तिने हिंदीत विचारले, आणि तेही मला कळले नाही. शेवटी तिने खाद्यपदार्थांचे पत्रक माझ्यापुढे धरले आणि दोन नावांवर बोट ठेवले. ती विचारत होती, यांपैकी काय आणू? तिच्या चेहऱ्यावर तिरस्कार मुळीच नव्हता. उलट फार सौजन्य होते. मला मात्र भर पंक्तीत कोणी पानावरून उठवावे तसे झाले. आजवर भिवंडीत मी गोंगाटाला दोष देऊन सुटत आलो होतो. इथे तेवढा गोंगाट नव्हता.

जेवणानंतर दिवे मंद झाले. पलंगाशेजारच्या खणात एक हेडफोन होता. तो कानांवर चढवून मी त्याची कळ दाबली, आणि विमान जणू थांबले. इंजिनांची ती अखंड घरघर कोणीतरी पुसून टाकली होती.

या यंत्राची कथा मला ठाऊक होती, कारण आवाज हा माझ्या धंद्याचाच विषय. अमर बोस हे त्या शास्त्रज्ञाचे नाव. त्यांचे वडील बंगालमधील क्रांतिकारक होते, आणि इंग्रजांच्या हातून निसटून ते अमेरिकेला गेले होते. 1978 साली अमर बोस ज्यूरिकहून बोस्टनला विमानाने चालले होते. विमानात दिलेल्या हेडफोनमधून संगीत ऐकावे, तर इंजिनांच्या आवाजात ते बुडून जाई. तेव्हा त्याच प्रवासात त्यांनी कागद घेऊन गणित मांडले. बाहेरून येणारी ध्वनिलहर सूक्ष्म मायक्रोफोनने टिपायची, तिच्या नेमकी उलट लहर निर्माण करायची आणि दोन्ही एकमेकींवर आदळू द्यायच्या, म्हणजे दोन्ही विरतात. कल्पना बाजारात येण्यास पुढे अनेक वर्षे लागली. मी त्याच ज्यूरिककडे चाललो होतो, आणि एका बंगाली क्रांतिकारकाच्या मुलाच्या बुद्धीने निर्माण झालेली ती शांतता अनुभवत होतो.

आणि त्या शांततेत मला शीळ ऐकू आली.

प्रथम वाटले, यंत्रात दोष असावा. हेडफोन काढला, पुन्हा लावला. शीळ तशीच. बारीक, उंच, न तुटणारी. कोरड्या बेअरिंगसारखी. मी सवयीने तिचे मूळ शोधू लागलो, डावीकडे की उजवीकडे, वर की खाली? मग उमगले, की ती कोठूनच येत नाही. ती माझ्या आत आहे. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीने भिवंडीचे माग थांबले होते आणि महामार्गावरून कामगारांचे तांडे गावाकडे चालत निघाले होते, तेव्हाही रात्री मला ही शीळ ऐकू येई. मी हिला म्हणत असे, “विजेच्या तारा वाजताहेत.” ती म्हणे, “मला नाही ऐकू येत.” तारा वाजत नव्हत्या.

मी आडवा झालो, पण झोप येईना. भिवंडीचा माणूस आवाजाने जागा होत नाही, आवाज थांबल्याने जागा होतो. रात्री वीज गेली की सारी वस्ती डोळे उघडते. मग मी मनाशी आकडे मांडू लागलो. अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेने आठ तासांसाठी 85 डेसिबल ही मर्यादा सुचविली आहे. पुढे दर तीन डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मा होतो. 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक, 97 ला अर्धा, आणि 100 ला पंधरा मिनिटे. धोट्याच्या मागांची शेड 100 डेसिबलच्या आसपास असते. आमची पाळी बारा तासांची. म्हणजे बाबा रोज सकाळी सातला कामावर जात तेव्हा त्यांच्या कानांचा दिवस सव्वासात वाजता संपत असे. उरलेले सारे तास कान खर्ची पडत, आणि त्या खर्चाची नोंद कोणत्याही वहीत होत नसे.

1948 च्या कारखाना अधिनियमाच्या तिसऱ्या परिशिष्टात आवाजाने येणाऱ्या बहिरेपणाची गणना व्यावसायिक रोगांत केलेली होती. परंतु कायदा कारखान्याला लागू होण्यास तेथे ठरावीक संख्येने कामगार असावे लागत, आणि एका छपराखालचे माग कागदोपत्री वेगवेगळ्या नावांवर दाखविले की ती संख्या भरत नसे. ही युक्ती यंत्रमागांच्या गावात कोणाला नवी नव्हती. बाबा साठीला पूर्ण बहिरे झाले. त्याला आम्ही म्हातारपण म्हणालो.

आणि मी? माझा कान ताजा राहावा म्हणून कोणीतरी चार महिन्यांच्या वेतनाहून मोठी रक्कम मोजली होती. बाबांचा कान माझ्यापेक्षा तयार होता. त्याला कोणी कापसाचा बोळाही दिला नाही. यात शेठना दोष द्यावा असे मला वाटले नाही, कारण गेली वीस वर्षे शेडमध्ये कोणते सामान आणायचे हे मीच ठरवत होतो. पिकर, पट्टे, तेल, बेअरिंग, साऱ्या याद्या माझ्या हातच्या. त्या याद्यांत कानांसाठी मी कधी काही लिहिले नव्हते.

खणात कापडी पिशवी होती. तिच्यात पायमोजे, डोळ्यांवरची पट्टी, दात घासण्याचा ब्रश आणि स्पंजचे दोन लहान बोळे होते. मी एक बोळा चिमटीत दाबून बारीक केला आणि कानात सरकवला. तो हळूहळू फुगला. हेडफोनची जादू विमानाच्या संथ, एकसुरी घरघरीवर चालते. धोट्याच्या अचानक बसणाऱ्या फटक्यांपुढे ती तितकीशी टिकत नाही. तेथे हा साधा बोळाच अधिक कामाचा. म्हणजे बाबांच्या कानांसाठी कोणत्याही मोठ्या संशोधनाची वाट पाहण्याची गरज नव्हती. पाच-दहा रुपयांची वस्तू होती, आणि ती कोणीतरी यादीत लिहायला हवी होती.

पहाटे केव्हातरी डोळा लागला. विमान उतरू लागले तेव्हा कान दडे बसून बंद झाले, आणि गिळताना ‘टक्’ आवाज होऊन उघडले. सारे जग परत आले. शीळही आली.

ज्यूरिकजवळच्या विंटरथूर येथील सुल्झर कंपनीने 1953 साली धोट्याऐवजी लहानशा पोलादी पकडीने धागा नेणारा माग बाजारात आणला होता. त्या गावाकडे मला वळता आले नाही. गाडी गोथार्डच्या 57 किलोमीटरच्या बोगद्यातून जाऊन दुपारी मिलानला पोहोचली. दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात एका मागापुढे मी नेहमीप्रमाणे डोळे मिटून उभा राहिलो. माग मला निर्दोष वाटला. शेजारी इचलकरंजीचा एक तरुण अभियंता उभा होता. तो सहज म्हणाला, “सर, उजवीकडून बारीक शीळ येतेय ना?”

मी तोंड उघडले, ते ‘हो’ म्हणण्यासाठीच. क्षणभर तसाच राहिलो. मग म्हणालो, “मला नाही ऐकू आली. तुम्ही ऐकून सांगा.”

इतके सोपे ते वाक्य होते, आणि ते उच्चारण्यासाठी मला सारा प्रवास करावा लागला होता. पुढचे तीन दिवस तो तरुण माझ्याबरोबर हिंडला. प्रत्येक दालनात मी वेगाच्या आधी आवाजाचा आकडा विचारू लागलो. धोटा गेला म्हणून आवाज जातो असे नाही, हेही स्पष्ट झाले. अनेक माग एकत्र चालले की नवी शेडही कानांना घातक असू शकते.

परतीच्या विमानात मी पलंग केला नाही. खुर्ची सरळ ठेवून अहवाल लिहिला. पहिल्या पानावर यंत्रांची माहिती नव्हती. माझ्या कानांची होती. शेवटच्या पानावर खरेदीची यादी होती, आणि तिच्यात पहिली वस्तू कानांचे बोळे.

शेठनी अहवाल माझ्यादेखत वाचला. पहिल्या पानावर ते बराच वेळ थांबले. “हे आधी का नाही सांगितलंत?” त्यांनी विचारले.

“सांगितलं असतं तर तुम्ही मला पाठवलं नसतं.”

“नसतंच पाठवलं,” ते म्हणाले. त्यांच्या स्वरात राग होता, आणि तो योग्यच होता. मात्र यादीतील कोणतीही वस्तू त्यांनी कापली नाही. माझ्या हाताखाली एक तरुण जॉबर नेमला गेला. आता तो ऐकतो आणि मी त्याला सांगतो, की जे ऐकलेस त्याचा अर्थ काय. बोळे आले. शेडमधील तीस जणांपैकी आरंभी नऊ जणांनी ते वापरले. आझमगडच्या एका वृद्ध कारागिराने मला म्हटले, “कान बंद केला तर माग काय म्हणतो ते कसं कळणार?” मी त्याला एक आठवडा प्रयत्न करण्याची विनंती केली. माग बोलायचा थांबत नाही, तो फक्त हळू बोलतो. आज सुमारे निम्मे लोक बोळे घालतात. यापलीकडे मी काही साधले, असा दावा नाही.

बाबांना मी विमानातील ती पिशवी दिली. त्यांनी पायमोजे बाजूला ठेवले, पट्टी बाजूला ठेवली, आणि स्पंजचा बोळा चिमटीत दाबून तो फुगताना मुलासारखे पाहत राहिले. मग मोठ्याने विचारले, “झोप लागली का विमानात?”

मी मान हलवली. शेडमधल्या जुन्या खुणांनी त्यांना सांगितले, की आवाज अजिबात नव्हता, एक यंत्र होते, त्याने सारा आवाज बंद केला.

“मग झोप कशी लागली?” त्यांनी खऱ्याखुऱ्या आश्चर्याने विचारले.

मी हसलो. मग बोट कानाशी नेऊन, ओठांची शीळ करून दाखवली. आवाज बंद झाल्यावर हे ऐकू आले, असे सांगितले.

बाबा माझ्या ओठांकडे पाहत राहिले. त्यांनी आपला हात कानावर ठेवला.

“ती होय,” ते म्हणाले. “ती मला चाळीस वर्षं ऐकू येते. मला वाटायचं, सगळ्यांनाच येत असेल.”